मनकर्णा मुराळी निघाली

बॅनर मीच कापलं, विळ्यानं. कुणीबी विचारलं तरी मी हेच सांगते, लपवायचं काय त्यात? ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आमच्या महिला गटानं निळ्या रंगात लिहून घेतलं होतं, 'घरात मारहाण होत असंल तर गप बसू नका', आन् खाली फोनचा नंबर. बरोबर त्या नंबरावरच कुणीतरी वाढदिवसाचं बॅनर ताणलं. बॅनरवर फेटा बांधलेला, हात जोडून हसणारा माणूस. खाली लिहिलेलं, 'गोरगरिबांचे कैवारी'. तो कैवारी म्हणजे माझाच नवरा, मोहनराव.

"तुळजे, चारचौघात माझं तोंड फाडलंस की गं!" घरी आल्यावर ते म्हणाले.

"तोंड न्हाई फाडलं, दोरी कापली. तोंड गोठ्यात हाय, म्हशीवर टाकलंय. पावसापाण्याचं कामाला येतंय."

तर अशी मी. लोक म्हणतेत, तुळजाबाईच्या जिभेला हाड न्हाई. नसू द्या. गटाची अध्यक्ष माझी धाकटी जाऊ वनमाला हाय. ती गावात आशाताईचं काम करते, बीडला जाऊन शिकून आलती. मार खाणाऱ्या बाईसाठी कायदा काय, संरक्षण अधिकारी कुठं बसतो, अर्ज कसा द्यायचा, सगळं तिला ठावं. ती थंड डोक्याची आन् मी तापल्या तव्याची, म्हणून तर गट चालतो. वर्षभर आमी गल्लीगल्लीत सतरंजी टाकून बसलो. लिंबागणेशाला चतुर्थीला जाणाऱ्या बायांना रस्त्यात गाठून सांगितलं. पारावरचे बापे म्हणायचे, "निघाली पलटण." हसा म्हणलं, दात हायेत तवर हसा.

पण सांगणं निराळं आन् निभावणं निराळं. ते आमाला पंचमीच्या तोंडावर कळलं.

आमी गोठ्यापुढं शेंगा निवडत बसलो होतो आन् वनमालाचा फोन वाजला. तिकडून योगिता बोलत होती, आमच्या गावच्या सिदू धनगराची लेक. कडा गावाच्या अलीकडं एका वस्तीवर दिलीय तिला, अंगदला. तीन वर्षांची पोरगी हाय, भाग्या. शेजारणीच्या फोनवरून लपून बोलायली होती, आवाज निस्ता धापा टाकायला होता.

"वनमालाकाकू, पंचमीला दादाला मुराळी धाडा. दादा न्हाई तर दुसरं कुणीबी धाडा. एकटी निघाले तर हे भाग्याला ठेवून घेतेत. मुराळी आला तर दोघी निघतो. ह्या खेपंला कुणी आलं न्हाई, तर दिवाळीला न्यायला मी शिल्लक नसंल."

एवढं बोलली आन् फोन कट झाला.

लेकीला सणाला माहेरी न्यायला जो येतो, तो मुराळी. भाऊ येतो, न्हाईतर चुलता येतो. पंचमीचा मुराळी दारात आला की सासरचं माणूस न्हाई म्हणत न्हाई, मग पोटात कितीबी जहर असू द्या. त्याला पाणी द्यायचं, सुनेची ओटी भरायची आन् धाडायचं. मुराळ्याला मोकळा परत लावला तर त्या घराची सोयऱ्याधायऱ्यात छी थू होते. योगितानं डोकं लावून दार शोधलं होतं. बाहेरून ढकलणारं कुणीतरी पाहिजे होतं.

आन् खोटं कशाला, हे दार तिला आमच्याच गावानं बंद केलं होतं. मागच्या दिवाळीला ती हात गळ्यात बांधून आलती. "मेंढरामागं पळताना पडले," म्हणली. मग दोन दिवसांनी खरं बोलली. पारावर बैठक बसली. बैठकीत मधी कोण? कैवारी! मोहनराव म्हणाले, "भांड्याला भांडं लागतंच. समजूत काढून धाडा." साडी नेसवली, ओटी भरली आन् परत नेऊन घातली. त्या बैठकीत एक बाई बसलेली नव्हती.

फोन आला त्याच दिवशी मी आन् वनमाला धनगरवस्तीवर गेलो. सिदू कळप घेऊन डोंगराकडं गेलता. योगिताची आई साखराबाई चुलीपुढं बसलेली. आमी सांगितलं तसा तिनं पदर तोंडात कोंबला.

"झाकली मूठ ऱ्हाऊ द्या, तुळजाबाई," ती म्हणली. "उघडली तर दोन घरं बुडतेत."

"आगं पोरगी मरायली म्हणते आन् तू मूठ झाकत बसलीस?"

तवर पप्पू आला, योगिताचा थोरला भाऊ. तसा पोरगा लई गुणाचा. दारू न्हाई, पत्ते न्हाई, कुणाला अरे म्हणलेलं न्हाई. तो दाराला टेकला आन् खाली बघत म्हणला, "काकू, मी न्हाई जायचा."

"कावून? का न्हाई?"

त्यानं आत बघितलं. आत त्याची बायको मनकर्णा भाकरी थापायली होती. तिचा हात थांबला न्हाई, पण थाप हळू झाली.

तवा कुठं सगळं उलगडलं. साटंलोटं! म्हणजे ह्या घरची लेक त्या घरी आन् त्या घरची लेक ह्या घरी. योगिता अंगदला दिली आन् अंगदची बहीण मनकर्णा पप्पूला केली. एकाच मांडवात दोन लग्नं लागली, वाजंत्री एक, जेवणावळ एक. मीच तर त्या मांडवात बुंदी वाढली होती, पण ध्यानात कुणाच्या ऱ्हातंय! आन् दिवाळीच्या बैठकीनंतर अंगदनं पप्पूला तोंडावर सांगितलं होतं, "तुझी बहीण तुझ्या घरी बसली, तर माझी बहीण मी घेऊन जाणार. साट्याला साटं."

"माझा संसार मोडंल, काकू," पप्पू म्हणला. "मनूशिवाय मी... न्हाई जमायचं मला."

आन् डोळे पुसले की त्यानं. धडधाकट गडी. माझं डोकं असं फिरलं म्हणता! बहिणीचं हाड मोडलं तवा ह्याच्या डोळ्याला पाणी न्हाई आन् आता रडायलाय. घरी येईस्तोवर मी शिव्या दिल्या. वनमाला म्हणली, "ताई, तो भितोय. भिणाऱ्याला शिव्या देऊन धीर येत नसतो." मी ऐकते का?

दुसऱ्या दिवशी, चतुर्थीला, सकाळीच मी गटाच्या दहाबारा बाया गोळा केल्या. चौसाळ्याच्या बाजारातून पंचमीला म्हणून हिरव्या बांगड्या आणल्या होत्या मी, त्या ताटात ठेवल्या, वर हळदकुंकू. ताट घेऊन थेट पप्पूच्या दारात. वनमाला मागून पदर ओढायली, "ताई, हे नको. ताई, ऐका." मी काही ऐकलं न्हाई.

"पप्पू, बाहेर ये!" मी ओरडले. "आज भावाचा उपास. तिकडं तुझी बहीण तुझ्या नावानं उपाशी बसली असंल. आन् तू इथं न्याहारी करायलास! मुराळी व्हायचा दम नसंल तर ये, बांगड्या आणल्यात. भर हातात आन् बस घरात."

सगळी वस्ती जमा झाली. पप्पू दारात आला, काळाठिक्कर पडलेला. साखराबाई कपाळ बडवायला लागली. मला वाटलं, आता लाजंल, आता पेटंल, आता निघंल. कशाचं काय! तो होता तिथंच खाली बसला, गुडघ्यात मान घालून.

मग मनकर्णा बाहेर आली. कोपरापर्यंत हात पिठाचे. चोवीस-पंचवीस वर्षांची पोरगी, आमच्यापुढं कधी मान वर करून बोललेली न्हाई. तिनं त्या ताटाकडं बघितलं, मग माझ्या हातांकडं बघितलं.

"काकू, बांगड्या भरणं जर लाजेचं असंल, तर तुमच्या हातात काय हाय मग?"

मी ताट खाली ठेवलं. माझ्याच हातात डझनभर बांगड्या! वर्षभर बायांना सांगत हिंडले की बाई म्हणून जन्माला आलो ह्यात कमीपणा न्हाई, आन् गड्याला हिणवायला मला बाईचंच लेणं घावलं. वनमाला माझ्याकडं बघत बी नव्हती, म्हणून जास्तच झोंबलं.

"ह्यांना नका भरू," मनकर्णा म्हणली. "माझ्या हातात भरा. मुराळी मी जाते."

"तू?" पप्पूनं मान वर केली. "येडी झालीस का? तो तुला तिकडंच ठेवून घेईल."

"ठेवून घ्यायला मी शेरडू हाय का, दावं बांधलं की ऱ्हाईल? ते माझं माहेर हाय. माझ्या बापाच्या दारात मला कोण अडवतंय ते मला बघायचंय." मग आमच्याकडं वळून ती म्हणली, "काकू, तुमाला वाटतं मी इथं सुखात हाय. हाय, सुखात हाय. ह्यांनी मला कधी बोट लावलं न्हाई. पण तिकडं वहिनीला मार बसला असं कळलं की ह्या घरातले सगळे डोळे माझ्याकडं वळतेत. मारत कुणी न्हाई, निस्ते बघतेत. भाकर वाढताना बघतेत, पाणी देताना बघतेत. पाच वर्षं झाली, मी ते बघणं खायलेय. तिचं दुखणं संपल्याबिगर माझं संपत न्हाई."

साखराबाईनं रडणं थांबवलं. त्या बघणाऱ्यांत ती बी होती, म्हणून तिलाच ते सगळ्यात जास्त लागलं असणार.

मी खाली बसले आन् पोरीचे पिठाचे हात पुसून बांगड्या भरल्या. भरून झाल्यावर पप्पू उठला. खुंटीवरची काळी घोंगडी त्यानं काढली, झटकली आन् बायकोच्या खांद्यावर टाकली.

"आमच्या घरचा मुराळी बिनाघोंगडीचा जात नसतो," तो म्हणला. "मी बी येऊ का?"

"तुमी आलात तर दोघा गड्यांची काठ्याकाठी होईल आन् वहिनी ऱ्हाईल बाजूला. तुमी घरी ऱ्हावा. आमी उपाशी येऊ, पुरणाची दिंडं उकडून ठेवा."

बापई माणूस दिंडं उकडणार! वस्ती हसली. पण पप्पूनं मान डोलावली.

गावातल्या तानाजीची जीप भाड्यानं केली. मनकर्णा, मी, वनमाला आन् साखराबाई, चौघी निघालो. निघताना मोहनराव पारावरून आडवे आले. "तुळजे, साट्याच्या भानगडीत हात घालू नको. तिकडच्या पुढाऱ्यांत माझी ऊठबस हाय." मी म्हणलं, "तुमी ऊठबस करा, मी जाऊन येते." वाटेत तिकडच्या पोलिस ठाण्यापुढं वनमालानं जीप थांबवली आन् आत जाऊन सगळं सांगून आली. कुठं चाललोय, कुणाला आणायचंय, कशाचं भ्याव हाय. तिथल्या पोलिसबाईनं आपला नंबर दिला. मी असते तर तशीच पुढं गेले असते, म्हणून म्हणते की थंड डोकं पाहिजे.

वस्तीवर पोचलो तवा ऊन कलतं झालं होतं. अंगद दारात खाटंवर बसलेला. जीप बघून उठला, आत डोकावला, मग तानाजीला म्हणला, "पप्पू कुठाय बे? बायांच्या पदराआड लपला का?"

मनकर्णा खाली उतरली. "त्यांनी मला धाडलंय, दादा. घोंगडी वळख. पंचमीचा मुराळी आलाय, वहिनीला न्यायला."

अंगद खो खो हसला. "बाई कधी मुराळी असती का?"

"आजपासून असती," मी म्हणलं आन् घोंगडी अंगणात अंथरून तिच्यावर फतकल मारून बसले. माझ्या शेजारी साखराबाई, तिच्या शेजारी वनमाला. "पाणी आणा. मुराळी तहानलेला हाय."

शेजारच्या घरांतून बाया जमायला लागल्या. सणाचा दिवस, सगळ्या घरीच होत्या. अंगदची आई तांब्या घेऊन बाहेर आली, वाळलेली, पाठीत वाकलेली बाई. लेकीला बघून तिचं तोंड उजळलं आन् पोराला बघून पुन्हा मिटलं. तिच्या मागं दारात योगिता. माय गं! दिवाळीला बघितलेली पोरगी ही न्हाई असं वाटलं. डोळ्याखाली निळं, आन् ओठ भावाच्या उपासानं सुकलेले. गाठोडं हातात तयार होतं. तिनं आईकडं बघितलं. एवढ्या लोकांत अंगद 'न्हाई' म्हणू शकला न्हाई.

"बरं, जाऊ द्या तिला," तो म्हणला. "सण करून येऊ द्या. पण पोरगी इथं ऱ्हाईल."

योगिताच्या हातातलं गाठोडं खाली पडलं. ह्याचंच तर भ्याव होतं. पोरगी ठेवली म्हणजे आई चार दिवसांत आपल्या पायानं परत, हे त्याला पक्कं ठावं.

मनकर्णा पुढं झाली. "भाग्याची मामी हाय मी आन् आत्या बी मीच हाय. साटं तुमीच घातलंय ना? मग आत्या दारात न्यायला उभी असताना भाची मागं ऱ्हाती, असं कुठं झालंय?"

"बाप हाय मी तिचा."

"बाप हायस तर हाक मार तिला. बघू दे सगळ्यांना, येती का."

अंगदनं हाक मारली, "भाग्या!" कुणी आलं न्हाई. त्यानं मोठ्यानं हाक मारली. आत ज्वारीच्या कणगीमागं काहीतरी सरकलं आन् गप झालं. अंगणातल्या सगळ्या बाया त्या कणगीकडं बघत होत्या. मग मनकर्णानं हळूच म्हणलं, "भागे, ये गं, आत्या आली." ते लेकरू कणगीमागून निघालं आन् पळत येऊन तिच्या पायाला मिठी मारून उभं ऱ्हायलं. एक शेजारीण तोंडाला पदर लावून म्हणली, "काय हे!" एवढंच म्हणली, पण अंगदनं ऐकलं.

त्याचं टाळकं सटकलं. पुढं येऊन त्यानं मनकर्णाचं मनगट धरलं, असं की दोन बांगड्या तिथंच वाढल्या आन् रक्त आलं.

"मग साट्याला साटं! योगिता जाईल, तू इथं ऱ्हाशील. तानाजी, जीप काढ."

मी उठायला गेले. वनमालानं माझा हात दाबला आन् दुसऱ्या हातानं फोन काढला. मनकर्णानं मनगट सोडवून घ्यायची धडपड केली न्हाई. ती भावाच्या डोळ्यांत बघून बोलली.

"दादा, मी तुझ्या कळपातली मेंढी न्हाई, एक दिली आन् एक घेतली. साटं घातलं तवा मला कुणी इचारलं नव्हतं, वहिनीला बी न्हाई. आज न इचारता सांगते. मी त्या घरात साट्यापायी ऱ्हात न्हाई. तिथं मला कुणी मारत न्हाई म्हणून ऱ्हाते. आता वहिनीनं इथं कशापायी ऱ्हावं, ते तू सांग. एक गोष्ट सांग. सगळ्यांपुढं सांग."

अंगद शेजारणींकडं बघायला लागला. सांगण्यासारखं असंल तर बोलंल ना! वनमाला शांतपणे म्हणली, "ठाण्यात सांगून आलोय, भाऊ. पोलिसबाई फोनवर हायेत. हात सोडता का त्यांनाच बोलवू?"

त्यानं हात सोडला. पण सोडता सोडता घाव घातलाच.

"नीट ऐक, मनू. आजपासून तुला हे माहेर न्हाई. दिवाळी येऊ दे, पंचमी येऊ दे, मी मेलो तरी तुझ्या दारात ह्या घरचा मुराळी येणार न्हाई."

ते मात्र तिला लागलं. बाईला मार सोसतो एकवेळ, पण माहेर तुटलं म्हणजे काय होतं ते बाईलाच ठावं. तिनं एकदा घराकडं बघितलं, अंगणातल्या लिंबाकडं बघितलं.

"बरं," ती म्हणली. "वहिनी, उचल गाठोडं."

तेवढ्यात आतून तिची आई आली, हातात सूप घेऊन. सुपात खण, नारळ, ज्वारी, हळदकुंकू. "आई, आत जा," अंगद खेकसला. म्हातारीनं त्याच्याकडं बघितलं सुद्धा न्हाई. "सरक," म्हणली. सुनेपुढं उभी ऱ्हायली आन् तिची ओटी भरली. मग लेकीकडं वळली. लेकीच्या पदरात एक ओंजळ टाकली, दुसरी टाकली, तिसरी टाकली. पदर भरून ज्वारी खाली सांडायला लागली तरी टाकतच होती.

"आई, बास की."

"दिवाळीचं बी आत्ताच घे बाई," म्हातारी म्हणली. "पुढल्या पंचमीचं बी घे."

जीपमधी भाग्या आत्याच्या मांडीवर झोपली. योगितानं आपल्या पदराची चिंधी फाडून मनकर्णाच्या मनगटाला बांधली आन् गाव येईस्तोवर तो हात सोडला न्हाई. घरी पप्पूनं खरंच दिंडं उकडली होती. निम्मी फुटलेली, पुरण पाण्यात गेलेलं. बहीण दिसली तसा तो तिच्या पायाजवळ बसला, मग ती बी बसली. त्या दोघांचं काय बोलणं झालं ते मी सांगणार न्हाई, ते त्यांचं त्यांचं हाय.

पंचमीला चिंचेला झोका बांधला. पंचमी झाल्यावर वनमाला योगिताला बीडला घेऊन गेली, अर्ज दिला, जबाब दिला. कोर्टानं अंगदला ताकीद दिली की तिच्या आन् पोरीच्या आसपास फिरकायचं न्हाई. पुढचं चालू हाय, तारखा पडतेत, आमी दर तारखेला जातो. पारावर पुन्हा बैठक बसवायचं कुणीतरी काढलं. ह्या खेपंला आमी बाया आधीच जाऊन पारावर बसलो, तर बापे चपला घालून घरी गेले. आता योगिता गटात येते. भिंतीवरचा नंबर पावसानं उडाला होता, तो तिनंच पुन्हा रंगवला.

मोहनराव मात्र घुश्शातच. "त्या तालुक्यात मला तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाईस तू." म्हणलं, "तोंड गोठ्यात हाय, पाहिजे तवा घेऊन जा."

मग दिवाळी आली. गावात मुराळ्यांची रांग लागली. मोटारसायकली, जीपा, पिशव्या, नवी लुगडी. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी मी मळ्यातून येताना मनकर्णाला बघितलं. मेंढरं रस्त्याच्या कडेला चरत होती आन् ती काठीला टेकून उभी. मोटारसायकलचा आवाज आला की मान वळायची. गाडी पुढं निघून गेली की पुन्हा मेंढरांकडं बघायची. येणार न्हाई हे तिला ठावं होतं. तरी मान वळायचीच.

सगळं आमचंच काम होतं ते! एका लेकीला माहेर मिळवून दिलं आन् दुसरीचं गेलं, आन् आमी पेढे वाटून मोकळ्या. मी घरी आले. मोहनराव ओसरीवर फराळ करायले होते.

"उठा," मी म्हणलं.

"कुठं?"

"मुराळी व्हा. मनकर्णाला माहेरी आणायचंय. आपल्या घरी."

चकली हातातच ऱ्हायली. "आगं, धनगराच्या सुनेला? मी? लोक काय म्हणतेन?"

मी भांडायच्या तयारीतच आलते, पण ऐनवेळी राग आलाच न्हाई. रडू आलं. "तुमी बैठकीत बसून योगिताला परत धाडलीत," मी म्हणलं. "ती मरता मरता वाचली, ते ह्या पोरीनं आपलं माहेर मोडून वाचवली. तुमच्या चुकीचं तिनं भरलंय. गोरगरिबांचे कैवारी ना तुमी? जा, एका पोरीचे कैवारी होऊन दाखवा."

त्यांनी चकली ताटात ठेवली. मग उठले, हात धुतले, फेटा बांधला. जीप न घेता चालत निघाले, मी दोन पावलं मागं. अर्धं गाव बघत होतं. माईकवर तासतास बोलणारा माणूस, पण सिदूच्या दारात दोनदा खाकरले.

"पाव्हणं," सिदूला म्हणाले, "लेक न्यायला आलोय."

घरात सगळे उभेच ऱ्हायले. मग पप्पूनं खुंटीवरची घोंगडी काढली आन् मोहनरावांच्या पांढऱ्या नेहरूशर्टवर, खांद्यावर नीट टाकली. मनकर्णानं पाणी आणलं. तांब्या हिंदकळून अर्धा सांडला. योगितानं तिची ओटी भरली. मोहनरावांनी खाली वाकून मनकर्णाचं गाठोडं उचललं तसं मात्र तिला आवरलं न्हाई, पदरात तोंड घालून ती मोठ्यानं रडली.

परत येताना पारावरून जावं लागतं. पुढं खांद्यावर घोंगडी आन् हातात गाठोडं घेतलेले मोहनराव, मागं मनकर्णा, तिच्या मागं मी. पारावरचं कुणीतरी सवयीनं हसलं, "निघाली पलटण."

मोहनराव थांबले.

"हसायला काय झालं बे?" ते म्हणाले. "लेक माहेरी चाललीय."